मुक्तस्रोत संगणकप्रणालींतील पॅकेज-व्यवस्था व मराठी लिपिसाधने : धाराशिव जिल्ह्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने एक विवेचन

१. विषयप्रवेश

इतिहासाच्या अभ्यासकास साधनचिकित्सा नवीन नाही. कागद कोणत्या दप्तरातला, तो कोणी लिहिला, त्याची नक्कल कोणी केली, मधल्या काळात तो कोणाच्या हाती होता, हे प्रश्न विचारल्यावाचून आपण कोणत्याही पत्रावर विश्वास ठेवीत नाही. परंतु ज्या यंत्रावर आज आपण ही पत्रे वाचतो, त्यांची सूची करतो व प्रबंध लिहितो, त्या यंत्रातील आज्ञावलींविषयी हाच प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अक्षर पडद्यावर उमटले की ते आपोआप उमटले असे आपण गृहीत धरतो. वास्तविक त्या अक्षरामागे मुद्राक्षरांची, संकेतांची व अनेक लहानमोठ्या आज्ञावलींची साखळी उभी असते. ती साखळी कोणी जोडली, तिची नोंद कोठे राहते आणि ती तुटल्यास काय होते, हा इतिहासाचाच विषय होय.

प्रस्तुत निबंधात या साखळीच्या एका अंगाचा विचार करावयाचा आहे. लिनक्ससारख्या मुक्तस्रोत संगणकप्रणालींत आज्ञावली ज्या बांधीव पुलिंद्यांच्या रूपाने मिळतात, त्यांस पॅकेज म्हणतात. कमांड लाइनवरून एखादी ओळ लिहून ही पॅकेजे बसविणे, अद्ययावत करणे व काढून टाकणे यांसाठी जी व्यवस्था उभी राहिली तिचा उगम, तिचे स्वरूप आणि तिच्यात मराठीस मिळालेले स्थान हे येथे पाहावयाचे आहे. विवेचनाचा दृष्टिकोन मात्र धाराशिव जिल्ह्यात बसून काम करणाऱ्या अभ्यासकाचा ठेविला आहे. त्याचे कारण पुढील विभागात स्पष्ट होईल.

२. जिल्ह्याची साधने व त्यांची बहुलिपिता

धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाचे साधनसाहित्य एका लिपीत सामावणारे नाही. तेर, म्हणजे पेरिप्लस व टॉलेमी यांनी उल्लेखिलेले तगर, येथील पुरावशेष आणि धाराशिवची लेणी बाजूस ठेवून केवळ गेल्या दोन-तीन शतकांच्या कागदपत्रांचा विचार केला तरी हे दिसून येते. महसुली व देवस्थानविषयक जुने मराठी कागद मोडीत आहेत. हैदराबाद संस्थानाच्या कारभाराची भाषा आधी फारसी व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दू होती. दक्षिणेकडे उमरगा तालुक्यास कर्नाटकाची सीमा लागत असल्याने कन्नडशी संबंध येतो. इंग्रजी कागदांचा भाग वेगळाच. या जिल्ह्यावर लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास देवनागरी, मोडी, नस्तालिक, कन्नड व रोमन अशा पाच लिप्यांशी प्रसंग पडतो.

दुसरी अडचण नावांची. १८५३ च्या तहान्वये नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे आला. १८६० मध्ये तो निजामास परत देण्यात आला, त्या व्यवहारात त्याचा उल्लेख ‘धारासेव’ असा आढळतो. पुढे जिल्हा नळदुर्गच्या नावाने ओळखला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्य ठाणे नळदुर्गहून हलले आणि उस्मानाबाद हे नाव रूढ झाले. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा त्यातून वेगळा झाला, आणि २०२३ साली शहर व जिल्हा या दोहोंस धाराशिव हे नाव अधिकृतपणे मिळाले. एकाच भूभागाची ही नावे व बदलत्या सीमा संगणकाच्या शोधसूचीत परस्परांस ओळखत नाहीत. ‘उस्मानाबाद’ म्हणून शोधणाऱ्यास ‘धारासेव’ सापडत नाही. हा प्रश्न पुन्हा उपस्थित होणार आहे, म्हणून तो येथे नमूद करून ठेवितो.

अशा साधनांना उपयोगी पडणारी उपकरणे बाजारातून विकत मिळतीलच असे नाही. मोडी मुद्राक्षरांस ग्राहक किती असणार? नफ्याच्या हिशेबात न बसणारे असे काम बव्हंशी मुक्तस्रोताच्या क्षेत्रातच झाले, आणि ते अभ्यासकाच्या टेबलापर्यंत पोहोचले ते पॅकेज-व्यवस्थेमुळे. यास्तव ही व्यवस्था कशी जन्मली ते पाहणे अगत्याचे आहे.

३. पॅकेज-व्यवस्थेचा उगम

लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन याच्या ग्नू प्रकल्पात मुक्त आज्ञावली तयार होत होत्या. परंतु गाभा व सुट्या आज्ञावली म्हणजे चालती प्रणाली नव्हे. प्रत्येक आज्ञावलीचा मूळ स्रोत मिळवावा, तो आपल्या यंत्रावर संकलित करावा, तयार झालेल्या फायली योग्य त्या जागी ठेवाव्यात, असा क्रम होता. यात दोन दोष होते. एक, कोणत्या आज्ञावलीने कोणत्या फायली कोठे ठेवल्या याची नोंद राहत नसे. त्यामुळे ती काढून टाकणे दुरापास्त होई. दोन, एक आज्ञावली दुसरीवर, दुसरी तिसरीवर अवलंबून असे, आणि ही अवलंबने ज्याने त्याने स्वतःच हुडकून काढावी लागत.

१९९३ च्या जुलैत स्लॅकवेअर हे वितरण निघाले. त्यात आज्ञावली बांधून दिलेल्या होत्या, पण परस्परावलंबनाचा विचार वापरणाऱ्यावरच सोपविला होता. त्याच वर्षी १६ ऑगस्ट रोजी इयन मरडॉक याने डेबियन या वितरणाची घोषणा केली. वितरणाचे काम एका कंपनीने न करता अनेकांनी वाटून घ्यावे, प्रत्येकाने काही थोड्या आज्ञावलींची जबाबदारी पत्करावी, ही त्याची मूळ कल्पना. कामाची अशी वाटणी व्हावयाची तर प्रत्येकाने बांधलेला पुलिंदा एकाच नियमाने बांधलेला असावयास हवा. डेबियनची पॅकेज-व्यवस्था या संघटनात्मक गरजेतून जन्मली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तिचे मुख्य साधन डीपीकेजी हे १९९४ मध्ये इयन जॅक्सन याने सी भाषेत नव्याने लिहिले. रेड हॅट कंपनीने १९९५ मध्ये आरपीएम ही स्वतःची पद्धती प्रचारात आणली. आजही लिनक्सची बहुसंख्य वितरणे या दोन घराण्यांपैकी एकाची आहेत.

डीपीकेजी व आरपीएम ही दोन्ही साधने हाती असलेला पुलिंदा बसवीत व त्याची नोंद ठेवीत. एखादे अवलंबन अपुरे असले तर ती नकार देत, परंतु अपुरा पुलिंदा शोधून आणीत नसत. ही उणीव एपीटी या साधनाने भरून काढली. ९ मार्च १९९९ रोजी निघालेल्या डेबियन २.१ या आवृत्तीत ते प्रथम समाविष्ट झाले. दूरच्या भांडाराची सूची आणावी, हव्या असलेल्या पॅकेजची सर्व अवलंबने त्या सूचीतून काढावी, ती योग्य क्रमाने उतरवून घ्यावी व डीपीकेजीच्या स्वाधीन करावी, असे त्याचे कार्य. आरपीएमच्या घराण्यात हेच काम यम या साधनाने केले. ड्यूक विद्यापीठात सेथ व्हिडाल व त्याचे सहकारी यांनी ते विकसित केले. २०१५ मध्ये फेडोरा २२ पासून त्याची जागा डीएनएफने घेतली.

या वाढीचे प्रमाण दोन आकड्यांवरून कळेल. १९९६ च्या डेबियन १.१ मध्ये ४७४ पॅकेजे होती. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ती ६४,४१९ झाली. इतक्या पुलिंद्यांचा परस्परसंबंध एखाद्या माणसाने डोक्यात ठेवावा ही गोष्ट अशक्य होय.

४. व्यवस्थेचे अंतरंग

पुण्याच्या पेशवे दप्तरात काम केलेल्यांस रुमाल परिचित आहेत. कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, त्यावर ओळखीची चिठ्ठी आणि कारकुनाजवळ सर्व रुमालांची यादी, अशी ती रचना. पॅकेजची बांधणी स्थूलमानाने अशीच असते. डेबियनच्या पुलिंद्यात दोन मुख्य भाग असतात. एकात प्रत्यक्ष फायली, आणि दुसऱ्यात त्यांची ओळख : नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचे नाव, वर्णन व इतर पॅकेजांशी असलेले संबंध. हे संबंधही अनेक प्रकारचे असतात. काही पॅकेजांवाचून चालत नाही, काही असणे इष्ट, काही केवळ सुचविलेली. काही परस्परविरोधी, म्हणजे एकत्र नांदू न शकणारी. रुमालाच्या चिठ्ठीशी असलेले साम्य येथे संपते. पेशवे दप्तरातील एक रुमाल उघडण्यासाठी दुसरा आधी उघडलेला असावा लागत नाही; पॅकेजच्या बाबतीत मात्र तसेच असते. सर्व अटी पाळून एखादे पॅकेज बसविता येईल की नाही हे ठरविणे गणितदृष्ट्या अत्यंत कठीण अशा प्रश्नांच्या वर्गात मोडते, हे युरोपातील संशोधकांनी सिद्ध केले आहे. व्यवहारात तो प्रश्न बहुधा चटकन सुटतो, याचे श्रेय पॅकेज सांभाळणाऱ्यांनी पाळलेल्या शिस्तीस द्यावे लागेल.

नावे बदलण्याची सोयही या रचनेत आहे. एखाद्या आज्ञावलीचे नाव बदलले की जुन्या नावाचे एक रिकामे पॅकेज काही काळ ठेविले जाते. त्यात स्वतःचे असे काही नसते. ते फक्त नव्या नावाकडे बोट दाखविते. जुन्या नावाने मागणाऱ्यास नवे मिळते, आणि कालांतराने, सर्वांच्या यंत्रांवर नवे नाव स्थिरावल्यावर, जुने पॅकेज भांडारातून काढले जाते. नळदुर्ग, धारासेव, उस्मानाबाद व धाराशिव यांची गोष्ट वर सांगितली. जिल्ह्याच्या साधनसूचीत असेच निर्देशक असावयास हवेत. फरक इतकाच की इतिहासकाराने जुने नाव कधीच काढून टाकावयाचे नसते.

विश्वासाची व्यवस्था हे तिसरे अंग. भांडाराच्या मुख्य नोंदीवर सांकेतिक स्वाक्षरी असते. त्या नोंदीत सूचीचे अंकमुद्रण असते, सूचीत प्रत्येक पुलिंद्याचे. वाटेत कोणी एक अक्षर जरी बदलले तरी हे मुद्रण जुळत नाही व एपीटी तशी सूचना देते. डेबियनमध्ये ही तपासणी २००७ च्या ४.० या आवृत्तीपासून नित्याची झाली. सनदेवरील शिक्का व मोर्तब पाहून तिचा खरेपणा ठरविण्याची आपली रीत येथे स्मरते.

चौथे अंग इतिहासाच्या विद्यार्थ्यास विशेष महत्त्वाचे वाटावे. ही साधने आपली रोजनिशी लिहितात. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीतून कोणत्या आवृत्तीत गेले, कोणत्या आदेशाने गेले, हे सर्व यंत्रातील नोंदपुस्तकात उतरते. शिवाय प्रत्येक पॅकेजबरोबर त्याच्या फेरफारांची तारीखवार हकीकत असते, आणि प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्याचे नाव. मागाहून आठवून लिहिलेल्या बखरीपेक्षा समकालीन रोजनिशीस आपण अधिक प्रमाण मानतो. त्या कसोटीने या नोंदी अव्वल दर्जाची साधने ठरतात. जुनी पॅकेजेही नष्ट होत नाहीत. डेबियनच्या भांडाराच्या दिनवार प्रती २००५ पासून जतन केलेल्या आहेत.

हे सर्व कमांड लाइनवरूनच का करावे, चित्रमय खिडक्यांतून का नव्हे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर असे, की खिडकीतील टिचकी लिहून ठेविता येत नाही, आदेश ठेविता येतो. आदेशाची ओळ टिपणवहीत उतरविता येते, दुसऱ्यास पाठविता येते, दहा वर्षांनी जशीच्या तशी पुन्हा देता येते. ज्या कृतीची नक्कल करता येत नाही ती पडताळताही येत नाही. दुर्बळ यंत्रावर व मंद जोडणीवर आदेशाचे काम अधिक सुकर होते, हा लाभही ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने लहान नाही.

५. महाराष्ट्रातील प्रवाह

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सार्वजनिक वापरासाठी खुले झाले, तरी पुढील कित्येक वर्षे ते मोठ्या शहरांपुरतेच होते. भांडारातून थेट पुलिंदे उतरवून घेणे जिल्ह्याच्या ठिकाणी शक्य नव्हते. १९९६ पासून पीसी क्वेस्ट या मासिकाने लिनक्सच्या चकत्या अंकाबरोबर देण्यास आरंभ केला. पुढे उबुंटू या वितरणाच्या चालकांनी मागेल त्यास टपालाने विनामूल्य चकत्या पाठविण्याची योजना चालविली. ती २०११ साली बंद झाली. चकतीवरील पॅकेजांची सूची करून एपीटीस त्यांचे भांडार म्हणून उपयोग करता येई. भांडाराची कल्पना मुळातच जागेपासून अलग असल्यामुळे ते दूरच्या देशात असो वा टपालाने आलेल्या चकतीवर असो, आदेश तोच राहतो.

मराठीचा प्रश्न याहून निराळा होता. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महाराष्ट्रातील छपाई संगणकावर आली ती खाजगी संकेतांच्या मुद्राक्षरांसह. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत, आणि प्रत्येक निर्मात्याची मांडणी वेगळी. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरले होते व पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने त्याचा पुरस्कारही केला, परंतु मुद्रणव्यवसायात खाजगी मांडण्यांचेच प्राबल्य राहिले. याचा परिणाम असा, की त्या काळी टंकित झालेले मराठी लेखन आज मूळ मुद्राक्षरावाचून उघडले असता अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. मोडीचा कागद वाळवीने खाल्ला तर निदान उरलेला भाग वाचता येतो. येथे कागद अखंड असून वाचता येत नाही. तीन दशकांपूर्वीचे प्रबंध अशा अवस्थेत असणे ही आपल्या विद्यापीठीय जगाची चिंतेची बाब आहे.

युनिकोड या जागतिक संकेताने हा घोळ मिटविण्याचा मार्ग दाखविला. तो मार्ग मुक्तस्रोत प्रणालींत मराठीसाठी तयार करण्याचे काम बरेचसे मुंबई-पुण्यात झाले. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘रघु’ हे मुद्राक्षर घडविले व ते मुक्त परवान्याने खुले झाले. मायक्रोसॉफ्टच्या ‘मंगल’ या मुद्राक्षराचे कर्तेही तेच. ही संस्था पुढे सी-डॅकचे मुंबई केंद्र झाली. मुंबईतच व्यंकटेश हरिहरन व प्रकाश अडवाणी यांनी इंडलिनक्स हा प्रकल्प आरंभिला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या व्यवसायसंस्थेने घडविलेली ‘लोहित’ मुद्राक्षरे रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केली, व २०११ मध्ये ती मुद्राक्षरांसाठी खास रचलेल्या मुक्त परवान्याखाली आणली. याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ ही खाजगी प्रणाली महाराष्ट्रभर मुद्रणालयांत वापरली जात होती, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे एकाच शहरात दोन्ही प्रवाह किती जवळून वाहत होते ते दिसते.

सी-डॅकच्या मुंबई केंद्रातील ‘जनभारती’ प्रकल्पाने डीपीकेजी व एपीटी यांच्या संदेशांची मराठी भाषांतरे केली, आणि ती त्या साधनांच्या मूळ स्रोतात समाविष्ट झाली. १४ फेब्रुवारी २००९ रोजी निघालेल्या डेबियन ५.० मध्ये प्रणाली प्रथम बसविण्याची क्रिया ६३ भाषांतून करता येऊ लागली. त्या आवृत्तीत नव्याने आलेल्या भाषांत मराठी होती. २००७ मध्ये सी-डॅकने डेबियनच्या आधारावर ‘बॉस’ हे भारतीय वितरण काढले. २०१५ च्या मार्चमध्ये भारत सरकारने शासकीय कामात मुक्तस्रोत आज्ञावलींस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

६. अक्षरांच्या तीन प्रकरणांचा विचार

पॅकेज अद्ययावत करण्याचा आणि इतिहासलेखनाचा संबंध काय, असे कोणास वाटेल. तो तीन उदाहरणांनी दाखविता येईल.

पहिले उदाहरण ‘ॲ’ या अक्षराचे. इंग्रजी शब्दांच्या लेखनासाठी मराठीत रूढ झालेल्या या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. तोवर ‘अ’ला चंद्र जोडून काम भागविले जाई. म्हणून एकच शब्द दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. डोळ्यास तो एकच दिसतो, शोधयंत्रास दोन वेगळे. शिवाय ज्या यंत्रावरील मुद्राक्षराचे पॅकेज जुने आहे तेथे नव्या अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसते.

दुसरे उदाहरण ‘कऱ्हाड’, ‘दऱ्या’ यांतील अर्ध्या ‘र’चे. हे रूप मराठीचे वैशिष्ट्य आहे. युनिकोडने ते दोन मार्गांनी लिहिण्यास मुभा ठेविली : एक ‘ऱ’ या वर्णास हलन्त करून, दुसरा साध्या ‘र’स हलन्त करून त्यापुढे जोडणारे अदृश्य चिन्ह घालून. दोन अभ्यासकांनी दोन मार्गांनी टंकित केलेल्या पत्रांत ‘कऱ्हाड’ शोधू गेल्यास अर्धी पत्रे निसटतील, आणि निसटली हे कळणारही नाही. अभावावरून अनुमान काढणे धोक्याचे असते हे आपण शिकवितो. येथे तो अभाव यंत्राने निर्मिलेला असतो.

तिसरे उदाहरण ‘ल’ व ‘श’ यांच्या मराठी वळणांचे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना या दोन अक्षरांची मराठी रूपे निश्चित केली. युनिकोडमध्ये मराठी व हिंदी ‘ल’ यांस संकेत एकच आहे. कोणते वळण दिसावे हे मुद्राक्षर आणि निवडलेली भाषा यांवर अवलंबून असते. मराठीचे वळण असलेले मुद्राक्षर पॅकेजरूपाने बसविले नाही, तर शासननिर्णय कागदावर राहतो व पडद्यावर हिंदी वळण दिसते.

मोडीची कथा याहून आशादायक आहे. २०१४ च्या जूनमध्ये युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत मोडीस ७९ वर्णांचे स्थान मिळाले. त्यानंतर नोटो या मुक्त मुद्राक्षर-संग्रहात मोडीचे मुद्राक्षर आले. त्याच संग्रहात उर्दू नस्तालिक व कन्नडही आहेत. छापील मजकूर चित्रावरून ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या आज्ञावलीची मराठी, उर्दू व कन्नड भाषांची पूरक पॅकेजे डेबियनच्या भांडारात मिळतात. धाराशिवच्या अभ्यासकास लागणारी लिपिसाधने अशा रीतीने एका आदेशाच्या अंतरावर आली आहेत. हस्तलिखित मोडी यंत्राने वाचून दाखवावी ही अपेक्षा मात्र या साधनांकडून करू नये. ते काम अजून अभ्यासकाच्या डोळ्यांचेच आहे.

७. आक्षेप व मर्यादा

या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे शास्त्रीय वृत्तीस शोभणारे नाही. तिच्या दोन मर्यादा गंभीर आहेत.

पहिली मर्यादा विश्वासाची. स्वाक्षरी जुळते याचा अर्थ पुलिंदा वाटेत बदलला नाही इतकाच. बांधणाराच अप्रामाणिक असेल तर स्वाक्षरी काय करील? २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या संपीडन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दडविलेले चोरदार उघडकीस आणले. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अकारण विलंब होतो, इतक्या क्षुल्लक चिन्हावरून त्याने शोध लावला. ज्या व्यक्तीने हे केले तिने टोपणनावाने दीर्घकाळ चांगले काम करून एकट्या, थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास संपादन केला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोहोचले नव्हते, कारण तेथे नवा पुलिंदा महिनोन्‌महिने तपासून मगच घेतला जातो. त्यापूर्वी २०१६ च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्टच्या भांडारातून अवघ्या ११ ओळींचे एक पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतल्याने जगभरातील असंख्य आज्ञावलींची बांधणी अडली होती. पहिल्या घटनेत अति विश्वास नडला, दुसरीत अति अवलंबन. दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : ज्या कामावर सर्वांचा भार, ते करणारा माणूस एकटा.

दुसरी मर्यादा भाषेची. संदेश मराठीत आले तरी आदेश रोमन लिपीतच राहिले. भूम वा परंडा येथील विद्यार्थ्यास पहिला अडसर तोच जाणवतो. भाषांतरेही एकदा करून भागत नाही. मूळ आज्ञावली बदलली की नवे संदेश येतात, आणि त्यांचे भाषांतर होईतो ते इंग्रजीत दिसतात. शासकीय वा कंपनीच्या प्रकल्पाची मुदत संपली की ही देखभाल थांबते. मग पडद्यावर अर्धे मराठी व अर्धे इंग्रजी असे मिश्रण दिसू लागते, आणि त्याला कंटाळून वापरणारा मराठी बंदच करून टाकतो. मराठी माणसांनी मुक्तस्रोतास दिले ते कमी नाही, परंतु सातत्य हा त्याचा दुबळा भाग आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पॅकेज-व्यवस्था ही तांत्रिक सोय असली तरी तिचे खरे स्वरूप संस्थेचे आहे : नियम, जबाबदारीची वाटणी, नोंद व विश्वास यांवर ती उभी आहे. मराठीस तिच्यात स्थान मिळाले ते आपोआप नव्हे; मुद्राक्षर घडविणारे, भाषांतर करणारे व पुलिंदे बांधणारे यांच्या श्रमाने मिळाले. आणि ज्या जिल्ह्याचा इतिहास पाच लिप्यांत विखुरला आहे, त्याच्या अभ्यासकास या व्यवस्थेकडे पाठ फिरविणे परवडणारे नाही.

यातून विद्यार्थ्यांनी व विभागांनी तीन गोष्टी अंगी बाणवाव्यात असे सुचवावेसे वाटते. प्रबंधासाठी टंकित केलेली साधने युनिकोडमध्येच ठेवावी, आणि ‘ऱ्य’, ‘ॲ’ यांसारख्या रूपांचे लेखन आरंभीच एक ठरवून तसे टिपणात नमूद करावे. ज्या यंत्रावर काम केले त्यातील पॅकेजांची आवृत्तीसह यादी एका आदेशाने मिळते. ती प्रबंधाच्या फायलींबरोबर जतन करावी. उद्या दुसऱ्या कोणास तेच अक्षर तसेच पाहावयाचे झाल्यास ती यादी दुवा ठरेल. तिसरी गोष्ट अशी, की एखादे अक्षर चुकीचे उमटले, एखादे भाषांतर अपुरे आढळले, तर ते निमूट सोसू नये. पॅकेज सांभाळणाऱ्याचे नाव पुलिंद्यावरच असते, त्यास कळवावे. मोडीची वळणे, निजामी कागदांतील संक्षेप, गावांची जुनी नावे यांचे ज्ञान मुंबई-पुण्याच्या वा परदेशातील आज्ञावलीकारास नसते. ते धाराशिवच्या अभ्यासकास असते.

दप्तरखान्यातील रुमाल ज्या कारकुनांनी बांधले व त्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांची नावे बहुधा आपणांस ठाऊक नाहीत. परंतु त्यांच्या नेटकेपणावर आपला सारा शास्त्रव्यवहार चालला आहे. आजचे रुमाल बांधणाऱ्यांची नावे मात्र नोंदलेली आहेत. त्या नोंदींत मराठवाड्यातील नावे अधिक दिसावीत, इतकी अपेक्षा व्यक्त करून हा निबंध पुरा करितो.